मन शांत ठेवायचं म्हणजे गप्प बसायचं का?

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २९. बी.कॉम. करून पुण्यात एका कंपनीत होतो. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला तसा घरी परत आलो. सात एकर कोरडवाहू काळी जमीन आहे. चार एकरांत पऱ्हाटी म्हणजे कापूस, तीन एकरांत सोयाबीन आणि तूर. मृग कोरडा गेला. आर्द्राच्या सुरुवातीला एक चांगलं पाणी आलं, गावात सगळ्यांनीच पेरलं, मीही पेरलं. तेव्हापासून पाऊस गायब. पऱ्हाटी कशीबशी तग धरून आहे, सोयाबीनचे तास (ओळी) मात्र जागोजागी रिकामे दिसतात. दुबार पेरणी करायची तर बियाण्याला पैसा नाही. सोसायटीचं पीक कर्ज आहे, कृषी केंद्राची उधारी आहे. बहिणीच्या लग्नात एका खासगी माणसाकडून पैसे घेतले होते, ते घरात फक्त मलाच माहीत आहे.

वर्षभरापासून मी मोबाइलवर स्टोइक, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या, तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ ऐकतो. जे हातात नाही त्याचा विचार करायचा नाही, एवढं मी धरून ठेवलं. पाऊस हातात नाही, भाव हातात नाही, कर्ज झालं ते झालं. म्हणून कुणाशी काही बोलत नाही. चिडत नाही, रडत नाही. पण परवा बाबा म्हणाले, "पीक वायून राह्यलं अन् तुले काईच कसं वाटत नाई रे? दगडाची मूर्त झाली तुई." बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. आणि खरं सांगतो, दिवसभर मी शांत असतो, पण रात्री तीनला जाग येते ती सकाळपर्यंत डोळा लागत नाही. नको नको ते विचार येतात. माझं काही चुकतंय का? की हे तत्त्वज्ञान राजेमहाराजांसाठीच आहे, आमच्यासारख्यांसाठी नाही?

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

भाऊ,

तुमच्या पत्रात पेरणी आहे, कर्ज आहे, बाबा आहेत, बायको आहे. पण मी सुरुवात 'नको नको ते विचार' या चार शब्दांपासून करते. ते विचार जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे आहेत का? आपल्या भागात हे आडून आडून विचारण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ विचारते आहे. तसे असतील, अगदी अधूनमधून येत असतील, तरी आज रात्र पडायच्या आत एका माणसाला हे सांगा. बायकोला सांगता आलं तर फार चांगलं. ते जमत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलेलं असेल तर ते आजच बाहेर काढा. भावकीतल्या कुणाच्या तरी कुलपात ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. अशी वाईट घटका बऱ्याचदा थोड्या वेळात टळते, आणि तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर माणूस वाचतो.

स्टोइकांच्या लेखनात मरणाविषयीही पुष्कळ आहे. जगणं असह्य झालं तर निघून जायची माणसाला मोकळीक आहे, असंही त्यांच्यातले काही जण म्हणून गेले. हे मी मानत नाही. विदर्भाने गेल्या कित्येक वर्षांत जे पाहिलं आहे, ते पाहिल्यावर हे कुणी मानूही नये. त्यांचं बाकीचं घेऊ, एवढं सोडून देऊ.

आता तुमचा प्रश्न. चुकतंय का? हो, चुकतंय. पण ज्यांनी तुम्हाला एक वाक्य तोडून दिलं आणि पुढचं सांगितलंच नाही, त्यांचा दोष तुमच्यापेक्षा मोठा आहे.

'हातात काय आहे, काय नाही' ही वाटणी ज्या माणसाची म्हणून सांगितली जाते, तो एपिक्टेटस. इसवी सन ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या हिरापोलिस इथे जन्मला. गुलाम होता. रोममध्ये धन्याच्या घरी वाढला, पायाने अधू होता. पुढे मोकळा झाला, शिकवू लागला, तर डोमिशियन बादशहाने रोममधल्या सगळ्या तत्त्वज्ञांना हाकलून दिलं. मग ग्रीसमधल्या निकोपोलिस गावात त्याने शाळा चालवली. स्वतः त्याने काही लिहिलं नाही. एरियन नावाच्या शिष्याने वर्गात बसून जे टिपून ठेवलं, तेच आपल्याकडे आलं. ही सगळी हकिगत अशासाठी सांगते की तुम्ही विचारलंत, हे राजेमहाराजांचं आहे का. ज्याचा स्वतःच्या देहावरही कायद्याने हक्क नव्हता, अशा माणसाने ते शिकवलं आहे.

त्याच्या शिकवणुकीचं पहिलंच वाक्य तुम्हाला पाठ असेल: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. व्हिडिओ इथेच संपतो. पण हातात काय आहे, याचं उत्तरही त्याने लगेच दिलं आहे. आपण एखाद्या गोष्टीबद्दल काय मत करून घेतो, कशाची इच्छा धरतो, काय करायला उठतो आणि काय टाळतो, हे सगळं आपल्या हातात. म्हणजे माणसाची करणी पूर्णपणे त्याच्या बाजूला येते. बोलणं ही करणी आहे आणि न बोलणंही करणीच आहे. पावसाविषयी गप्प राहिलात ते ठीक. पण बायकोशी गप्प राहिलात, तेव्हा ते तुमच्या हातातलं काम होतं आणि ते तुम्ही केलं नाही.

बाबांनी तुम्हाला दगडाची मूर्ती म्हटलं. हाच शब्द एपिक्टेटसने वापरला आहे. तो शिष्यांना सांगतो, की मी पुतळ्यासारखा भावनाशून्य असता कामा नये. मुलगा, भाऊ, बाप, गावकरी म्हणून माझी जी नाती आहेत, ती मी सांभाळली पाहिजेत. या मंडळींच्या लेखनात नात्याचा विषय सारखा येतो. ज्याला शांत व्हायचं आहे त्याने आधी आपण कुणाचे कोण आहोत हे पाहावं आणि त्या नात्याचं जे देणं आहे ते द्यावं, असं ते सांगतात. मोबाइलवर हा भाग कमी ऐकू येतो, कारण एका मिनिटात तो सांगता येत नाही.

एरियनने टिपलेला एक प्रसंग तुम्हाला सांगते. माझ्या मते तुमच्या पत्राचं खरं उत्तर त्यातच आहे. एक सरकारी अधिकारी एपिक्टेटसकडे आला. बोलता बोलता घरचा विषय निघाला. तो म्हणाला, मुलांच्या काळजीने मी इतका हैराण होतो, की परवा माझी लहान मुलगी आजारी पडली, ती वाचत नाही असं वाटलं, तर मला तिच्याजवळ थांबवेना. मी घरातून पळून गेलो. ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हा परतलो. एपिक्टेटसने विचारलं, हे तू बरोबर केलंस का? तो म्हणाला, बापाचं काळीज आहे, असं होणारच. मग एपिक्टेटसने एकेक प्रश्न विचारला. तिच्या आईचं तिच्यावर प्रेम नाही का? मग आईनेही पळून जायला हवं होतं का? दाईचं? ज्यांचा ज्यांचा तिच्यावर जीव आहे त्या सगळ्यांनी पळ काढला असता, तर ती पोर कुणाच्या हाताशी राहिली असती? आणि तू आजारी पडलास, तर तुझ्यावर जीव असलेल्यांनी असंच निघून जावं असं तुला वाटेल का?

त्या माणसाला रडू येत होतं आणि तो पळाला. तुम्हाला रडू येत नाही आणि तुम्ही घरातच आहात. वरवर दोघांत काही साम्य नाही. पण दोघांनीही जिथे थांबायला हवं होतं तिथून पाय काढला. तुमच्या घरात पीक वाळतंय हे तिघांनाही दिसतं. बाबांना तर तुमच्याआधी दिसत असेल, त्यांची सगळी हयात त्या तासांवर गेली आहे. ते तुम्हाला विचारतात, काहीच कसं वाटत नाही, याचा अर्थ 'छाती बडवून रड' असा नाही. आपल्यासोबत आणखी कुणी हे पाहतंय का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं आहे. त्यावर 'वाटते ना बाबा, माहाही जीव जळून राह्यला' एवढं म्हणालात तरी तुमची शांती कुठे जाणार नाही.

इथे एक खुलासा करते, कारण बऱ्याच वाचकांचा हा गोंधळ असतो. डोळ्यांत पाणी येणं, छातीत धस्स होणं, अंगावर काटा येणं, याला स्टोइक माणसाचा दोष मानत नाहीत. तो शरीराचा पहिला झटका आहे, शहाण्यालाही बसतो, असं रोममधला स्टोइक लेखक सेनेका स्पष्ट लिहितो. त्या झटक्यानंतर आपण मनाशी काय धरून बसतो, तिथून पुढे आपली जबाबदारी सुरू होते. रोप सुकलेलं पाहून पोटात कालवलं, हा झटका झाला. 'रोप सुकलं म्हणजे मी नालायक, पुण्याची नोकरी सोडून घर बुडवलं' हे त्यापुढे तुम्ही स्वतः जोडलेलं वाक्य आहे. रात्री तीनला तुम्हाला जागं ठेवतं ते बहुधा हे वाक्य असावं. दिवसा तुम्ही त्याच्याकडे बघत नाही, त्याला खोटं ठरवत नाही, म्हणून ते रात्री येतं. त्याला तोंडावर विचारा: पाऊस लांबला ही माझी करणी आहे का? आर्द्राच्या पहिल्या पाण्यावर सगळ्या गावाने पेरलं, ते सगळे नालायक आहेत का? बाबांचे गुडघे गेले तेव्हा पोराने घरी येणं हे चुकीचं काम होतं का?

अर्थात त्यात तुमच्या करणीचा जेवढा भाग आहे तेवढा मान्यही करा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तुमच्या गावात पेरणीआधी किती पडला होता, हे तुम्ही पाहिलं होतं का? नसेल पाहिलं तर पुढच्या खेपेला पाहा. त्याउपर स्वतःला कोसत बसू नका.

आता कर्जाकडे येते. तुम्ही लिहिलंत, 'कर्ज झालं ते झालं', आणि तेही हातात नसलेल्या ढिगात टाकून दिलंत. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. घेतलेलं कर्ज आता न घेतलेलं करता येत नाही, हे खरं. पण त्याभोवतीची किती कामं तुमच्या हातात आहेत ते बघा. सोसायटीच्या गटसचिवाकडे जाऊन मुदत कधीची आहे, व्याज सवलतीत आपण बसतो का, हे विचारता येतं. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला सवलत मिळते, आणि नुसती मुदत चुकल्यामुळे ती गमावणारे बरेच असतात. पीक विम्याची अंतिम तारीख कृषी सहायकाला विचारता येते. कृषी केंद्रवाल्याला लपूनछपून टाळण्याऐवजी समोर बसून 'कापूस निघाला की इतके देतो' असं सांगता येतं.

आणि तो खासगी माणूस. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? राज्यात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं त्याखाली गुन्हा आहे, आणि व्याजापोटी कुणी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची वाटही त्यात आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या (सहकारी संस्था) कार्यालयात करायची असते. तुमच्या बाबतीत हे लागू आहे की नाही, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही कागद पाहून सांगू शकता. निबंधक काय निर्णय देईल ते तुमच्या हातात नाही. अर्ज लिहून नेणं तुमच्याच हातात आहे.

स्टोइक तिरंदाजाचं उदाहरण देत. नेम नीट धरायचा, दोरी पूर्ण ताणायची, वारा बघायचा, इतकं सगळं त्याचं काम. बाण सुटल्यावर मध्येच वाऱ्याची झुळूक आली, हरीण हललं, तर त्यात त्याची हार नाही. मला या उदाहरणातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. 'बाण लागणं माझ्या हातात नाही' म्हणून जो धनुष्यच उचलत नाही, त्याला स्टोइक शांत म्हणणार नाहीत.

खासगी कर्जाची गोष्ट बायकोला सांगा. याला पर्याय नाही. आधी तिला, मग दोघांनी मिळून बाबांना. तुम्ही म्हणाल, त्यांना उगीच कशाला घोर. पण ती माणसं आत्ताही घोरातच आहेत, फक्त घोर कशाचा ते त्यांना माहीत नाही, आणि माणूस अंदाजाने खऱ्यापेक्षा जास्त वाईट धरून चालतो. सांगताना आकडा सांगा. मुद्दल किती, व्याज किती, आतापर्यंत दिले किती. एका वहीच्या पानावर लिहून तिच्यासमोर ठेवा. घरचा हिशेब तुमच्यापेक्षा तिला चांगला कळत असेल, तर तीच म्हणेल, हे आधी फेडू, ते नंतर. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणारही नाही. ते तिच्यावर सोडा. लपवल्याबद्दल तिला राग येण्याचा हक्क आहे, आणि तो राग ऐकून घेण्याइतकी शांती तुम्ही वर्षभर कमावली असेल तर ती इथे कामी येऊ द्या.

तुमच्यासारखी मेहनती मुलं पावसाची इच्छा धरायलाही घाबरू लागतात. जणू पाऊस हवासा वाटणं हाच कमकुवतपणा. तसं नाही. मार्कस ऑरेलियस हा रोमचा बादशहा, त्याने इ.स. १६१ ते १८० राज्य केलं. तो स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवायचा. त्यात एके ठिकाणी त्याने अथेन्सच्या लोकांची प्रार्थना उतरवून घेतली आहे: पाऊस पाड रे देवा झ्यूसा, पाड, अथेन्सच्या शेतांवर आणि माळांवर पाड. पुढे तो लिहितो, प्रार्थना करायची तर अशी साधी आणि मोकळी करावी, नाहीतर करूच नये. आपल्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी मागत दारोदार फिरतात, बायका त्यांच्या अंगावर पाणी ओततात. ती धोंडी त्या बादशहाला अनोळखी वाटली नसती. पाऊस हवा, हे मोठ्याने म्हणा. घरच्यांसोबत म्हणा. पावसावर आपली किंमत टांगून ठेवायची नाही, एवढंच पाळायचं.

याच कामासाठी सेनेकाने एक सवय सांगितली आहे. कुठलाही बेत करताना मनात एक अट जोडून ठेवायची: आडवं काही आलं नाही तर मी गलबत घेऊन निघेन. आपल्या शेतकऱ्याला ही सवय नवी नाही. 'पाण्यानं साथ देल्ली तं' म्हटल्याशिवाय आपल्याकडे कुणी दिवाळीचा बेतही सांगत नाही. तुम्ही ते म्हणताच. आता म्हणताना त्याचा अर्थही मनात येऊ द्या.

रात्रीच्या तीनबद्दल. 'पुढे काय वाईट होऊ शकतं याचा आधीच विचार करून ठेवा' असा एक स्टोइक सराव आहे, तो तुम्ही ऐकला असेल. तो रात्री करू नका. अंधारात, एकट्याने, आडवं पडून केला तर त्याची नुसती काळजी होते. आपण जेवढं सोसतो त्यातलं पुष्कळसं प्रत्यक्षापेक्षा मनातच सोसतो, असं सेनेकाने आपल्या मित्राला पत्रात लिहिलं होतं. हा सराव दिवसाउजेडी करा, वही-पेन घेऊन, बायकोला शेजारी बसवून. पाऊस आला नाही तर काय, याच्यापुढे दुसरी ओळ लिहायची: मग आपण काय करू. जिथे दुसरी ओळ सुचत नाही तिथे कुणाला विचारायचं त्याचं नाव लिहा. आणि झोपायच्या आधी सेनेका करायचा ते करून बघा. दिवा मालवला की त्याच्या बायकोला माहीत असायचं, आता हा दिवसाचा हिशेब घेणार, आणि ती शांत बसायची. मग तो स्वतःला विचारायचा: आज कुठे चुकलो, कुठे बरं वागलो. चूक सापडली की म्हणायचा, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं. हा 'माफ केलं' महत्त्वाचा आहे. तीनला जाग येते तेव्हा तुमच्यापुढे नुसता आरोप करणारा उभा असतो, माफ करणारं कुणी नसतं. आणि हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप परतली नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. झोप उडणं हे तत्त्वज्ञानात कमी पडल्याचं लक्षण नाही, तो आजारही असू शकतो आणि त्याला औषध असतं.

एक गोष्ट तत्त्वज्ञानाने होणार नाही, तीही सांगून टाकते. कापसाचा भाव मन शांत केल्याने वाढत नाही. हमीभावाची खरेदी उशिरा सुरू झाली, नुकसानीचा पंचनामा नीट झाला नाही, तर त्यात अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणायचं. मार्कसनेच लिहून ठेवलं आहे, की नुसतं काही केल्यानेच नाही, काही न केल्यानेही माणूस पुष्कळदा अन्याय करतो. ग्रामसभेला जा, निवेदनावर सही करा, मोर्चा निघाला तर त्यात चाला. शांत माणूस तिथे जास्त उपयोगी पडतो, कारण तो मुद्दा धरून बोलतो.

बादशहाचं तुम्ही विचारलंत म्हणून: मार्कसच्या राज्यात मोठी साथ आली, डॅन्यूब नदीकाठी वर्षानुवर्षं लढाया चालल्या, त्याची निम्म्याहून जास्त लेकरं त्याच्या हयातीत गेली. टिपणं त्याने त्याच काळात, काही तर छावणीत लिहिली. गुलामाच्या तोंडून निघालेलं त्या बादशहाने वाचलं होतं आणि आपल्याला त्याचा उपयोग झाला, असं त्याने लिहून ठेवलं. तुमच्या-माझ्यासाठी ते आहे की नाही, याची मला शंका वाटत नाही.

राहिली दुबार पेरणी. मी कृषीतज्ज्ञ नाही, पण घाईने वखर घालू नका एवढं सांगते. आधी बाबांना घेऊन शेतात जा. पाच-सहा ठिकाणी तासाचा एक-एक मीटर मोजा आणि किती रोपं उभी आहेत ते लिहून काढा. तो आकडा कृषी सहायकाला दाखवा. नुसते खाडे भरून भागत असेल तर सगळं मोडायची गरज नाही, आणि तूर उभी असेल तर तिचाही विचार करावा लागेल. बियाणं लागलंच, तर गावात कुणाकडे घरचं सोयाबीन आहे का विचारा. सोयाबीनचं घरचं बी पेरता येतं, दरवर्षी पिशवीच घ्यायला हवी असं नाही. पण उगवण तपासल्याशिवाय घेऊ नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दुसरं ओलं गोणपाट वर घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्याच्या आत कोंब मोजता येतात. शंभरातले सत्तर आले तर बियाणं पेरण्याजोगं. हे आजच करायला घ्या, कारण जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचं उत्पादन घटत जातं. तोवर ओल मिळालीच नाही, तर त्या तीन एकरांत तूर, तीळ, सूर्यफूल यातलं काय बसेल हे कृषी सहायकाला आताच विचारून घ्या. कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची आणि जास्तीत जास्त किती पैसा घालायचा, हे दोन्ही आकडे घरात तिघांनी बसून ठरवा, आणि त्या दिवशी बाबांचं म्हणणं आधी ऐका.